उन्हात पिकलेली ‘कोवळी’ सिंगल माल्ट व्हिस्की मामांना कशी चाखायला द्यावी? सल्ला हवा

शाहूपुरीकर | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा आणि मनापासून सांगा.

माझे मामा राजारामपुरीत राहतात. गेल्या महिन्यात निवृत्त झाले. आमचा दोघांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. महिन्यातल्या एका शनिवारी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत बसायचं, दोन छोटे पेग, मग मामींच्या हातचं जेवण आणि मी चालत घरी. मामा स्कॉचवाले, त्यातही बारा वर्षांचीच. लेबलवर १२ दिसलं की ते निर्धास्त.

निवृत्तीची भेट म्हणून मी यावेळी भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त जवापासून केलेली व्हिस्की, नेली. मामांनी चष्मा लावला, बाटली पुढून-मागून फिरवली, वयाचा आकडा शोधला. नाही सापडला. म्हणाले, “बाळ्या, ही अजून पोर आहे. पिकायच्या आत तोडलीय.” तरी माझं मन राखायला ग्लास भरला. नेहमीसारखा बर्फ, वरून फ्रीजमधलं पाणी. दोन मिनिटांत ग्लासातलं सगळं धुरकट झालं, भाताची पेज पाण्यात सांडल्यासारखं. मामांनी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला आणि एकच शब्द बोलले, “भेसळ.” बाटली झाकण लावून कपाटात गेली. मला फार वाईट वाटलं. पैशांचं नाही. इतक्या वर्षांत त्यांना द्यायला मी पहिल्यांदाच काहीतरी शोधून नेलं होतं.

पुढच्या शनिवारी परत बसायचंय. दोन मावसभाऊ आणि मामांचे एक जुने मित्र येणार, म्हणजे पाच जण. मला नीट मांडून चाखवायचंय. ते धुरकट होणं म्हणजे खरंच भेसळ का? वय न लिहिलेली व्हिस्की कच्ची असते का? दोन-तीन बाटल्या कुठल्या घेऊ? आणि मामी तांबडा-पांढरा करणार आहेत, तर चाखणं जेवणाआधी की नंतर?

प्रयोगवही | रविवार, रात्री १०.३५

दादा, आधी भेसळीचं मनातून काढा. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हिवाळ्यात न्हाणीघरातलं खोबरेल पांढरं होऊन थिजतं ना, त्याच्याच जवळचा हा प्रकार. व्हिस्कीत लांब साखळीची काही मेदाम्लं आणि त्यांची एस्टर असतात. जास्त अल्कोहोलमध्ये ती विरघळलेली राहतात. पाणी घालून अल्कोहोल उतरवलं आणि बर्फाने गार केलं, की ती बाहेर पडतात आणि ग्लास धुरकट दिसतो. पुष्कळ कंपन्या बाटलीत भरण्याआधी व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास गार करून गाळतात, म्हणजे गिऱ्हाइकाला हे दिसू नये. काही जण मुद्दाम गाळत नाहीत, कारण तोंडात जो तेलकट भरीवपणा येतो तो थोडा याच पदार्थांमुळे. असे लोक साधारण ४६ टक्क्यांवर बाटली भरतात. तेवढ्या तीव्रतेला ती स्वच्छ दिसते. तुमच्या लेबलवर ४६ आहे का पाहा.

खात्री करायची तर साध्या काचेच्या ग्लासात एक चमचा व्हिस्की घ्या. पाणी नाही, बर्फ नाही. स्वच्छ दिसली तर मामांसमोर तोच ग्लास ट्यूबलाइटला धरा.

शाहूपुरीकर | रविवार, रात्री ११.०५

ताई, ४६ च आहे! आणि चमचाभर घेऊन बघितली, काचेसारखी स्वच्छ. झोप लागेल आता.

उचगावकर | सोमवार, सकाळी ७.१५

भावा, कायद्याचं सांगून ठेवतो. उद्या कुणीतरी “गोव्यातून आण, स्वस्त पडते” म्हणणार. आणू नकोस. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. एका बाटलीपायी गाडी अडकलेली मी डोळ्यांनी बघितलीय, सोबत बायका-पोरं होती. आपल्या गावातल्या मोठ्या वाइन शॉपमध्ये चार-पाच भारतीय सिंगल माल्ट आता सहज मिळतात. दारू पिण्याचा परवाना काढून ठेव. आणि मावसभावांपैकी कुणी पंचविशीच्या आतलं असेल तर त्याला सरबत.

बेंगळूरचा_कोल्हापूरकर | सोमवार, दुपारी १.२०

वयाच्या प्रश्नावर लिहितो. पंधरा वर्षं बेंगळुरात आहे, आणि या विषयात माझा जीव अडकलेला आहे.

मामांचं “पिकायच्या आत तोडलीय” हे वाक्य मला फार आवडलं, कारण उत्तर त्यातच आहे. आंबा किती दिवसांत पिकला यापेक्षा आढी किती उबदार होती हे बघावं लागतं. स्कॉटलंडमध्ये पिंपं ठेवलेली गोदामं वर्षभर गार असतात. आपल्याकडे पिंपातली व्हिस्की उन्हात फुगते, ओकच्या लाकडात शिरते, रात्री गारव्याने आकसून परत बाहेर येते आणि येताना लाकडातलं पुष्कळ काही घेऊन येते. रंग, व्हॅनिला, खोबऱ्याचा वास, लवंगेचा तिखटपणा. लवंगेचा म्हणतो तो नुसती उपमा म्हणून नाही. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच ओकमधूनही उतरतं.

पण फुकट काही मिळत नाही. पिंपातून व्हिस्की उडूनही जाते. या घटीला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ती वर्षाला साधारण २ टक्के, गोव्यात ८ च्या आसपास, बेंगळुरात १० ते १२. २०० लिटरचं पिंप धरा. वर्षाला १० टक्के गेले तर पाच वर्षांनी उरतात जेमतेम ११८ लिटर. २ टक्क्यांनी बारा वर्षं ठेवलं तरी १५७ उरतात. म्हणजे आपली पाच वर्षांची व्हिस्की त्यांच्या बारा वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा जास्त आटलेली असते. इथे कुणी बारा वर्षं ठेवायची म्हटलं तर पिंपात फार थोडं शिल्लक राहील. बेंगळूरच्या अमृत कंपनीने २०१३ साली ८ वर्षांची एक माल्ट काढली, तेव्हाची ती भारतातली सगळ्यात जुनी. नाव ठेवलं ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत.

दुसरं, युरोपात ‘व्हिस्की’ या नावाने विकायची तर किमान तीन वर्षं लाकडी पिंपात असावीच लागते. आपल्या चांगल्या सिंगल माल्ट तिथे विकल्या जातात, त्यामुळे तीन वर्षांची अट तर त्या पाळतातच. अमृतच्या सिंगल माल्टची सुरुवातच तिकडे झाली. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी बेंगळुरात कंपनी काढली (आडनाव आपल्या कानाला ओळखीचं), पण सिंगल माल्ट २००४ साली पहिल्यांदा विकायला ठेवली ती ग्लासगोत. स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. पुढे व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये अमृत फ्युजनला जगात तिसरा क्रमांक मिळाला आणि लोक दचकून बघायला लागले. त्याच वर्षी एडिंबरातल्या लीथमध्ये डोळे झाकून झालेल्या चाखणीत तैवानची कवालान स्कॉचच्या पुढे गेली. कवालानच्या भट्टीतून पहिला थेंब २००६ साली पडला होता. उष्ण देशातलीच तीही.

जुनी_पेठ_सांगली | सोमवार, संध्याकाळी ६.४०

वरचं सगळं बरोबर आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी दोन्ही पितो आणि दोन्हींवर प्रेम करतो.

ऊन लाकडाचं काम भराभर करतं हे मान्य. पण व्हिस्की पिकते ती नुसत्या लाकडाने नाही. पिंपात हळूहळू हवा शिरते, जुने उग्र वास मावळतात, फळांचे मऊ वास तयार होतात. हे काम सावकाशीचं आहे आणि माझ्या जिभेला तरी वाटतं की उन्हाने त्याला फारशी घाई करता येत नाही. त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या कोवळ्या व्हिस्कीत एक वेगळाच दोष सापडतो. एका अंगाने म्हातारी, दुसऱ्या अंगाने पोरसवदा. रंग गडद, पण वासात मागे कच्चं धान्य, भिजवलेले जव, कधी नखांच्या पॉलिशसारखी झणझण. आणि लाकूड जास्त झालं की शेवटी जीभ तुरट पडते, हिरडा चघळल्यासारखी.

हे दोष प्रत्येक बाटलीत असतात असं मी म्हणत नाही. पण मामांना आधी सांगून ठेवा की हे शोधा. चाखणाऱ्याला दोष शोधायची मोकळीक दिली, की तो गुणही प्रामाणिकपणे सांगतो. स्कॉच हरवायला म्हणून बसलात तर मामा त्यांच्या स्कॉचची पाठराखण करत बसतील.

बेंगळूरचा_कोल्हापूरकर | सोमवार, संध्याकाळी ७.३०

दादा, पटलं. ‘एका अंगाने म्हातारी’ हे तर मी वहीत लिहून घेतलं. एवढंच जोडतो की भारतातलंही ऊन एकसारखं नाही. गोवा दमट, तिथे अल्कोहोल जास्त उडतं आणि पिंपातली तीव्रता उतरत जाते. हरियाणातलं इंद्री कोरडं, तिथे पाणी जास्त उडतं आणि तीव्रता चढते. उन्हाळा चाळिशीच्या वर, थंडीत पारा एक आकडी. म्हणून ‘भारतीय चव’ अशी एकच काही नसते.

गुऱ्हाळवाला | सोमवार, रात्री ९.१०

मी करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ. इंग्रजी पुस्तकातली चवींची नावं वाचून मी आधी लई गोंधळलो होतो. टॉफी, मार्झिपान, शेरी ट्रायफल. ह्यातलं एकही मी लहानपणी खाल्लेलं नाही, तर नाकाला ओळखू कसं येणार? मग एके रात्री गुऱ्हाळावरून घरी आलो, हातपाय धुतले आणि गोव्याची एक सिंगल माल्ट ओतून घेतली. ग्लास नाकाशी नेला आणि चमकलोच. काहिलीतला रस आटून पाक व्हायच्या आधी, गुळव्या दांडा काढून बघतो ना, त्या क्षणाची काकवी! तोच वास. गरम, थोडा जळका, थोडा आंबूस. त्या दिवसापासून मी माझीच नावं वापरतो.

चुलवाणात चिपाडं पेटलेली असताना धुराचा वास एक, आणि रात्री विझल्यावर राखेचा वास दुसरा. पीटच्या (दलदलीतली, जळणासाठी वाळवलेली माती) धुराने वाळवलेल्या जवापासून केलेली व्हिस्की घ्या, हे दोन्ही वेगवेगळे सापडतील. तासगावचे बेदाणे शेरीच्या (स्पेनची वाइन) पिंपात ठेवलेल्या व्हिस्कीत सापडतात, खोबऱ्याची वडी बर्बनच्या (अमेरिकेची व्हिस्की) पिंपात. कच्चा पेरू, जायफळ, शेंगदाण्याची चिक्की, पावसात भिजलेलं लाकडी दार. मामांना ‘व्हॅनिला येतो का’ असं विचारू नका. ‘कशाची आठवण येते’ असं विचारा. माझ्या आजवरच्या अनुभवात ह्या एका प्रश्नाने जेवढं काम होतं तेवढं महागड्या ग्लासाने होत नाही.

आणि एक सांगतो, हे आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी स्वस्तात विकली जाते, तिच्यातलं बरंच स्पिरिट धान्याचं नसतं, साखर कारखान्याच्या मळीचं असतं. (ही कारखान्यातली मळी. गुऱ्हाळात रसावरचा फेस काढतो, त्यालाही मळीच म्हणतात, ती वेगळी.) युरोपवाले मळीच्या दारूला व्हिस्की मानतच नाहीत. ‘भारतीय व्हिस्की’ म्हटलं की मामांच्या पिढीच्या डोळ्यासमोर तीच येते, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. सिंगल माल्ट म्हणजे फक्त माल्ट केलेले (मोड आणून वाळवलेले) जव, एकच डिस्टिलरी, तांब्याची पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायचं भांडं. मामांना हा फरक पहिल्यांदा सांगा.

शाहूपुरीकर | सोमवार, रात्री १०.२५

गुऱ्हाळवाले काका, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं. मामा लहानपणी काहिलीशेजारीच झोपायचे असं आई सांगते.

आता बाटल्या सांगा.

बेंगळूरचा_कोल्हापूरकर | मंगळवार, सकाळी ८.४५

तीन पुरेत. त्याहून जास्त झाल्या की चौथीला नाक काम करत नाही.

पहिली पॉल जॉन ब्रिलियन्स. गोव्यातल्या कुंकळ्ळीची, ४६ टक्के, धूर अजिबात नाही. भारतीय सहापदरी जव काय असतात हे तिच्यात स्वच्छ कळतं. या जवांना टरफल आणि प्रथिनं जास्त, दाणा लहान, दारू कमी निघते, पण मसालेदार तेलकट अंग येतं.

दुसरी इंद्री ट्रिनी, २०२१ साली आलेली, हीही ४६. बर्बनची, फ्रेंच वाइनची आणि पेड्रो झिमेनेझ या गोड शेरीची अशी तीन प्रकारची पिंपं. गुऱ्हाळवाल्यांचे बेदाणे इथे शोधा.

शेवटी अमृत फ्युजन. ५० टक्के, म्हणून शेवटी. नाव फ्युजन कारण तीन भाग भारतीय जव आणि एक भाग स्कॉटलंडहून आणलेले, पीटच्या धुरावर वाळवलेले जव. मामांच्या जिभेला यात स्कॉटलंडची ओळख पटेल.

यातली एखादी मिळाली नाही तर रामपूर बघ, किंवा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत बनणारी लाँगिट्यूड ७७. तुझ्याकडची उघडलेली बाटली यातलीच असेल तर तीच वापर, नवी घेऊ नको.

जुनी_पेठ_सांगली | मंगळवार, सकाळी ९.३०

चौथा ग्लास मामांच्या बारा वर्षांच्या स्कॉचचा ठेवा आणि चारही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. आकडा दिसला की जीभ आकड्याचं ऐकते. बारा वर्षांचं लेबल असलं की मलाही आतली व्हिस्की मऊ लागते, हे मी स्वतःवर पारखून पाहिलंय.

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी ४.१५

झाकून चाखायचं असेल तर तीव्रता सारखी करा, नाहीतर ५० टक्केवाली तोंड भाजते म्हणून ओळखू येईल. आकडेमोड सोपी आहे. स्कॉच ४० ची असेल असं धरते. २० मिली ४६ टक्क्यांच्या व्हिस्कीत ३ मिली पाणी घातलं की ती ४० वर येते. २० मिली फ्युजनमध्ये ५ मिली. मामांची बाटली इथेच भरलेली असेल तर लेबलवर ४२.८ असतं, मग पाणी त्या हिशोबाने कमी. औषधाच्या दुकानात सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मिळते, ती आणा. पाणी खोलीच्या तापमानाचं, बाटलीबंद किंवा फिल्टरचं. बोअरचं नको, क्षारांची चव लागते. बर्फ नकोच. गारव्याने वास दबतात, आणि मामांना परत धुरकट दिसेल ते वेगळंच.

चार ग्लास गुणिले २० म्हणजे ८० मिली, मोठ्या पेगपेक्षा जास्त. तुमचा नेम दोन छोट्या पेगांचा, म्हणजे ६० मिलीचा. तो मोडू नका. १५ मिलीच ओता, पाणीही त्याच प्रमाणात कमी करा. चाखायला तेवढं भरपूर होतं.

आणि जेवण नंतरच. तांबड्यातली मिरची आणि अल्कोहोल यांचं जिभेवर एकच दार आहे. गरम काही लागल्याची खबर देणारी जी ग्राही असते, तिलाच मिरचीतलं कॅप्सेसिन चेतवतं आणि अल्कोहोलही. रस्सा आधी खाल्ला तर प्रत्येक व्हिस्की नुसती जाळ लागेल. खरं तर मामींना विनंती करा की मसाल्याची फोडणी तुम्ही वर बसायच्या तासभर आधी उरकावी. कांदा-लसूण मसाला कढईत पडला की गच्चीपर्यंत वास जातो. त्या खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजराही नको. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्यायचा, तो आपल्याला ओळखीचा असतो, नाक पुन्हा जाग्यावर येतं.

गुऱ्हाळवाला | मंगळवार, रात्री ८.००

ग्लास कमळाच्या कळीसारखा, तोंडाशी निमुळता हवा. नसेल तर रेड वाइनचे ग्लास चालतील. ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. मग नाक आत खुपसायचं नाही, हनुवटीपासून सावकाश वर आणायचं, तोंड किंचित उघडं ठेवून. पहिला घोट फक्त तोंडओळख करून घेण्यासाठी असतो. मत दुसऱ्या घोटाला द्यायचं. मधे कोरड्या भाकरीचा तुकडा आणि पाणी, खारे शेंगदाणे नकोत. आणि मामांना घाई करू नका, बास.

ताराराणी_चौक | बुधवार, सकाळी ११.१०

वाचतेय. आमच्याकडे नवरा चव न घेता पिणाऱ्यातला आणि मी चव घेऊन अर्ध्यावर थांबणारी. हा धागा त्याला पाठवला. फक्त एक विचारते, बाटली उघडल्यावर किती दिवस टिकते? आमची कपाटात सहा महिने आहे.

बेंगळूरचा_कोल्हापूरकर | बुधवार, दुपारी २.००

ताई, भरलेली असेल तर सहा महिन्यांत काही बिघडत नाही. अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा जास्त, मग चव हळूहळू फिकी पडते, तेव्हा दोन-तीन महिन्यांत संपवावी किंवा लहान बाटलीत काढून ठेवावी. वाइनसारखी आडवी ठेवू नका, बूच झिजतं. पश्चिमेच्या भिंतीचं कपाट टाळा. बाटलीत व्हिस्की पिकत नाही, तिथे ऊन फक्त नुकसान करतं.

शाहूपुरीकर | रविवार, सकाळी १०.४०

झालं! सगळं सांगतो.

गुंडाळलेल्या चार बाटल्या, वीस ग्लास (निम्मे शेजारच्या काकूंकडून आणले), सिरिंज, भाकरी. मामींनी दुपारीच मसाला परतून घेतला होता. बाहेर पाऊस, खिडकी अर्धी उघडी. आधी ट्यूबलाइटसमोर स्वच्छ ग्लास धरला, मग त्यातच बर्फ टाकून दाखवला. मामांनी धुरकट होताना पूर्ण पाहिलं आणि ताई, तुमचं खोबरेलाचं सांगितल्यावर मामीच म्हणाल्या, “हां, तसंच की.” तिथे भेसळीचा विषय संपला.

स्कॉच मामांनी पहिल्या वासाला ओळखली. “ही माझी.” चूक नव्हती. गुणांतही तिलाच पहिला नंबर दिला, शेवटपर्यंत मऊ राहते म्हणून. ब्रिलियन्सला त्यांच्या मित्रांनी शेंगदाण्याची चिक्की म्हटलं, मामा म्हणाले मागे कच्चे जव येतात, आणि जुनी पेठवाल्या दादांचे शब्द मी त्यांना आधी सांगितलेले नव्हते. इंद्रीवर आमच्यात मतभेद झाले. दोघा मावसभावांना ती सगळ्यात आवडली, मामांना शेवटी तुरट लागली. त्यांनी लिहिलं, ‘डाळिंबाची साल’.

चौथा ग्लास फ्युजनचा. मामांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. परत वास घेतला. ‘कशाची आठवण येते’ असं मी विचारायच्या आतच म्हणाले, “रात्री चुलवाण विझवलंय, आणि आण्णांनी मला घोंगडीत गुंडाळून चिपाडांवर झोपवलंय.” आण्णा म्हणजे माझे आजोबा. मामा सात-आठ वर्षांचे असतील तेव्हा. मग त्यांनी त्या गुऱ्हाळाचं सगळं सांगितलं, कोण गुळव्या होता, ढेपा बैलगाडीतून शाहूपुरीच्या अडत्याकडे कशा जायच्या. मी हे आजवर कधीच ऐकलं नव्हतं. त्या ग्लासातली व्हिस्की बोलण्यात तशीच राहिली, आणि अर्ध्या तासाने प्यायले तेव्हा म्हणाले, आता धूर खाली बसलाय, गूळ वर आलाय.

कागद सोडले तेव्हा बाटलीवर वय शोधायला त्यांनी चष्मा लावला नाही. फ्युजन स्वतःच्या कपाटात ठेवून घेतली. बुचाजवळ चिकटपट्टी लावून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिली, औषधाच्या बाटलीवर लिहितात तशी.

सगळ्यांचे मनापासून आभार. गुऱ्हाळवाले काका, मामांनी तुमचं गाव कुठलं ते विचारलंय.

गुऱ्हाळवाला | रविवार, दुपारी १२.०५

व्यक्तिगत निरोपात कळवतो. दिवाळी झाली की चुलवाण पेटतं. मामांना घेऊन संध्याकाळी या, काहील उतरायच्या वेळेला. बाटली आणू नका, त्या दिवशी नुसती काकवी.